मंदीत लेखनावर घर चालवायचं तर आधी वसुली, नवं गिऱ्हाईक शेवटी

काम आटलं की फ्रीलान्स लेखक पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी करतो. दर निम्मे करतो, फोनमधल्या सगळ्या नंबरांना 'काही काम असेल तर सांगा' असा मेसेज टाकतो आणि लॅपटॉपच्या हप्त्यासाठी मेव्हण्याकडून उसने घेतो. हे कधीच करू नये असं नाही, पण क्रम उलटा आहे. तो मेसेज टाकत असतो त्याच दिवशी त्याचे तीस-चाळीस हजार रुपये याच नाशिकमध्ये चार-पाच ठिकाणी अडकलेले असतात. कुठे बिल दिलेलं नसतं, कुठे दिलेलं असतं पण कुणी नोंदवलेलं नसतं.

मराठीत माहितीपत्रकं, अहवाल, जाहिराती, अनुवाद, स्मरणिका लिहून घर चालवणाऱ्यांसाठी हा क्रम लिहितोय. कथा-कविता लिहिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, पण त्यातून किराणा कसा भरायचा ते मला अजून उमगलेलं नाही.

सुरुवातीची तयारी

शंभर पानी वही घ्या. एक्सेल येत असलं तरी वहीच घ्या, कारण ती टेबलावर उघडी पडून राहते आणि टोचत राहते. डाव्या पानावर 'येणं', उजव्या पानावर 'विचारणा'. शिवाय पॅन कार्ड, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर आणि कामाच्या पैशांसाठी वेगळं बचत खातं हवं. घरखर्चाच्या खात्यातच बिलांचे पैसे घेणाऱ्याला कुणाचं पेमेंट आलं आणि कुणाचं राहिलं हे मार्चपर्यंत कळत नाही.

टप्पा १ : स्वतःच्या तासाचा भाव काढा

'सध्या मार्केटमध्ये शब्दाला काय चाललंय?' हा प्रश्न आधी विचारू नका. आधी तुम्हाला किती लागतात ते पाहा. एक उदाहरण घेऊ. घरखर्चातला तुमचा वाटा २६,००० रुपये. नेट, वीज, पेट्रोल, प्रिंट असा धंद्याचा खर्च ३,०००. आरोग्य विमा आणि कराची तजवीज ५,०००. अडीअडचणीला २,०००. झाले ३६,०००.

आता तास. महिन्याचे २४ दिवस धरा आणि दिवसाचे फक्त ४ तास. आठ धरलेत की सगळा हिशेब खोटा ठरतो. सिडकोतून सातपूरच्या कारखान्यात जाणं, गेटवर पास होईपर्यंत थांबणं, कोटेशन टाइप करणं, पेमेंटसाठी फोन करणं, या तासांचं बिल कुणी देत नाही. ९६ तासांत ३६,००० म्हणजे तासाला ३७५ रुपये. अनुवाद करून, तपासून तासाला ३०० शब्द होत असतील, तर शब्दाला सव्वा रुपया ही तुमची तळाची रेघ. माहितीपत्रक नव्याने लिहिताना तासाला २०० शब्द झाले, तर ती पावणेदोन रुपयांच्या वर जाते. शब्दाला ४० पैसे देणारी एजन्सी तुम्हाला तासाचे १२० रुपये देते आहे, हे एकदा आकड्यात दिसलं की 'हो' म्हणायला जीभ अडते.

तपासा : एखादं काम करताना घड्याळ लावून बसलात का? मनातला वेग आणि घड्याळातला वेग यांत बरंच अंतर असतं. माझ्या बाबतीत तर निम्म्याचं होतं.

टप्पा २ : अडकलेले पैसे आधी

डाव्या पानावर प्रत्येक येणं लिहा : गिऱ्हाईक, रक्कम, बिलाची तारीख, शेवटचं बोलणं कुणाशी झालं. मग तीन गट करा. तीस दिवसांच्या आतलं, तीस ते नव्वद दिवसांचं आणि त्याहून जुनं. सुरुवात मधल्या गटापासून करा. ताजं येणं बहुधा आपोआप येतं आणि जुन्यासाठी चिकाटी लागते. मधलं मात्र एका फोनवर सुटतं आणि तो फोन न केल्यामुळेच जुनं होतं.

फोन मालकाला करू नका, अकाउंट्सला करा. तीनच प्रश्न विचारा : बिल मिळालं का, पास झालं का, कोणत्या तारखेच्या पेमेंटला लागलंय? पुष्कळदा पहिल्याच प्रश्नाला 'आमच्याकडे तर आलंच नाही' असं उत्तर येतं. बिल मार्केटिंगच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवर पडून असतं आणि तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला असतो. कारखान्याला फोन करण्याआधी त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते ते विचारून ठेवा. सगळ्यांना रविवार नसतो.

मेसेज असा असावा :

'नमस्कार साहेब. मशीनच्या माहितीपत्रकाचं ६,५०० रुपयांचं बिल १२ तारखेला मेल केलं होतं, सोबत पुन्हा जोडतो आहे. अकाउंट्समध्ये नोंद झाली का आणि पेमेंट कोणत्या तारखेला धरू, एवढं कळवाल का?'

यात रक्कम आहे, तारीख आहे आणि ज्याचं उत्तर द्यावंच लागेल असा प्रश्न आहे. 'सध्या फार अडचणीत आहे, जमलं तर बघा' असं लिहिलंत की समोरच्याला सहानुभूती वाटते आणि पेमेंट मात्र आवाज चढवणाऱ्या पेपरवाल्याला जातं. ओळखीच्या दुकानदाराशी बोलायची तऱ्हा वेगळी : 'शेठ, निम्मे आज टाका, निम्मे दहा तारखेला घेतो.' मंदी त्यालाही आहे. हप्ता मागितला की नाही म्हणणं त्यालाही जड जातं.

नव्वद दिवसांपलीकडच्या येण्यासाठी मेल किंवा मेसेजवर लेखी कबुली मिळवा. 'हो, बाकी आहे, पुढच्या महिन्यात देतो' एवढं पुरे. पैशांच्या वसुलीचा दावा लावायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत लेखी कबुली मिळाली, तर मुदत कबुलीच्या तारखेपासून नव्याने मोजतात. कोर्टात जायची वेळ सहसा येत नाही, पण फोन बदलताना या चॅट उडवू नका.

सावधान : जुनं पेमेंट बाकी असताना त्याच गिऱ्हाइकाचं नवं काम हातात घेऊ नका. 'दोन्हीचं एकदम करू' या वाक्याने लेखकाचा कधी फायदा झालेला मी पाहिलेला नाही.

टप्पा ३ : कागद नीट करा, आणि पुढच्या कामाच्या आधी करा

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, एक रुपयाही लागत नाही. सरकारी पोर्टलचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन'वर संपतो. हजार-दीड हजार फी मागणारी साइट एजंटची समजा.

एवढ्याशा लेखकाला याचा काय उपयोग? तर, सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल गिऱ्हाइकाने लेखी ठरलेल्या मुदतीत द्यायचं असतं आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होतं आणि थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते. मी स्वतः तक्रारीपर्यंत गेलेलो नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापला की निम्मं काम होतं, कारण गिऱ्हाइकाचा सीए तो वाचतो. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून आयकराचा नियमही कडक झाला आहे. अशा पुरवठादाराचं बिल मुदतीत दिलं नाही, तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला ते खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवलेल्या आठवणीला जे वजन असतं, ते जूनमधल्या आठवणीला नसतं.

यात लोक एक चूक हमखास करतात. पेमेंट अडकलं की मग नोंदणी करायला धावतात. आधीच दिलेल्या कामासाठी तिचा आधार धरता येईल असं समजू नका. नोंदणी आज, काम उद्या.

बिलावर काय हवं? नाव, पत्ता, पॅन, उद्यम क्रमांक, बिल क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन, रक्कम, बँक तपशील आणि 'पेमेंट ... दिवसांत' ही ओळ. जीएसटीबद्दल अनेकजण उगाच घाबरतात. नुसती सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर नोंदणी लागते. नोंदणी नसताना बिलात १८ टक्के लावून पैसे मात्र घेऊ नका.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचं, असं आहे : व्यावसायिक फी एका वर्षात एकाच कंपनीकडून ५०,००० रुपयांपुढे गेली की ती १० टक्के कापून देते (एप्रिल २०२५पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती). ते पैसे बुडालेले नसतात. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि रिटर्न भरलं तर हिशेबात येतात. पॅन दिला नसेल तर १०ऐवजी २० टक्के कापले जातात. 'फ्रीलान्सरला निम्म्याच उत्पन्नावर कर' हे व्हॉट्सॲपवरचं ज्ञान ऐकून परस्पर रिटर्न भरू नका. ती सवलत ठरावीक व्यवसायांना आहे आणि प्रत्येक लेखनकाम त्यात बसतंच असं नाही. हा एक प्रश्न सीएला पैसे देऊन विचारा.

टप्पा ४ : मंदीतही न थांबणारं काम ओळखा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच लोक वगळतात. पैसे आखडले की गिऱ्हाईक आधी हौसेचं लेखन बंद करतं : ब्लॉग, सोशल मीडियाच्या पोस्ट, दिवाळीच्या पानभर जाहिराती, कॉफी टेबल पुस्तक. जे करावंच लागतं ते चालू राहतं. म्हणून प्रत्येक संभाव्य गिऱ्हाइकासमोर एकच प्रश्न लिहा : हे लेखन केलं नाही तर यांचं काय अडेल?

नाशिकपुरतं बघितलं तर उत्तरं बरीच सापडतात.

पतसंस्था आणि सहकारी बँका. यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि सभेच्या आधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. अध्यक्षांचं मनोगत, वर्षाचा आढावा, सूचना, विषयपत्रिका, श्रद्धांजलीचा मजकूर, ताळेबंदाचं प्रूफ ही कामं जुलैपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालतात. विचारणा मात्र मे-जूनमध्येच करायची. ऑगस्टमध्ये गेलात तर व्यवस्थापक गेल्या वर्षीच्या अहवालात तारखा बदलत बसलेले दिसतील.

सातपूर, अंबड, सिन्नरचे कारखाने. कामगारांना समजेल अशा भाषेत सुरक्षेच्या सूचना लावाव्या लागतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती नेमावी लागते आणि तिचा फलकही. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्याला लागून येणाऱ्या सप्ताहासाठी घोषवाक्यं, शपथ, पोस्टर, नाटुकलं असं सगळं मराठीत हवं असतं. कोटेशन जानेवारीत गेलं पाहिजे. त्याच सुमारास २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिनही असतो, पण त्यासाठी बहुतेक कंपन्या भाषण मागतात आणि बदल्यात गुलाबाचं फूल देतात. सुरक्षेच्या कामाचे पैसे मिळतात.

अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर मी एक फलक पाहिला होता : 'मशीन चालवताना हातमोजे वापरा.' मूळ इंग्रजी सूचना बरोबर उलट होती. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा अडकला की हात ओढला जातो, म्हणून तिथे मोजे घालायचे नसतात. कुणीतरी मोबाइलवर अनुवाद करून छापून घेतलं होतं आणि नकार कुठेतरी गळाला होता. 'आता फुकटात अनुवाद होतो' असं म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला मी हा फलक सांगतो. फुकटच्या अनुवादाशी दरात भांडू नका, तो जिथे परवडणार नाही तिथे जाऊन उभे राहा.

द्राक्षपट्टा. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतकडे ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर खतं-औषधांच्या कंपन्यांना पत्रकं, शेतकरी मेळाव्याचे फलक, वापराच्या सूचना लागतात. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी पुन्हा एक छोटी लाट येते. या कामात अलंकारिक मराठी चालत नाही. 'प्रतिलिटर' आणि 'प्रतिएकर' यांत घोळ झाला तर बाग जळते आणि शेतकरी पत्रक घेऊन दुकानात येतो. प्रमाणाचा प्रत्येक आकडा कंपनीच्या तांत्रिक माणसाकडून सहीने तपासून घ्या.

बिल्डर. मंदीत यांची जाहिरात कमी होते, पूर्ण थांबत नाही. जाहिरातीत महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि वेबसाइट लागते, १ ऑगस्ट २०२३पासून क्यूआर कोडही लागतो. मजकूर देतानाच त्याची जागा सोडून द्या. हे आठवण करून देणारा लेखक पुढच्या वेळी आधी आठवतो. मात्र आगाऊ रकमेशिवाय या क्षेत्रात पाऊल टाकू नका.

आणि सिंहस्थ. २०२६-२७च्या कुंभमेळ्याच्या निमित्ताने हॉटेलं, धर्मशाळा, टूरवाले, इव्हेंटवाले सगळ्यांनाच माहितीपत्रकं आणि फलक हवे असतील, त्यातलं पुष्कळ हिंदीतून मराठीत. काम खरं आहे. पण बाहेरगावची एजन्सी स्थानिक एजन्सीला देते, ती आणखी कुणाला देते आणि शेवटच्या पायरीवर तुम्ही असता. सर्वांत वरच्या माणसाचं पेमेंट आल्यावर तुमचं, असं ऐकू आलं तर निम्मे पैसे आधी घ्या, नाहीतर सोडा. मेळा उठल्यावर कुणाला शोधत फिरणार?

तपासा : उजव्या पानावर बारा महिने मांडा आणि प्रत्येक महिन्यात निदान एक 'सक्तीचं' काम लिहा. ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत बहुतेकांचे रकाने रिकामे राहतात. सप्टेंबरच्या कमाईतून तो खड्डा भरायचा आहे, हे तेव्हाच डोळ्यांसमोर हवं.

टप्पा ५ : तीन नमुने, जास्त नाहीत

छापून आलेल्या वीस लेखांची कात्रणं कुणी पाहत नाही. ज्याच्याकडे जाणार त्याच्या उपयोगाचे तीन नमुने न्या. कारखान्यासाठी एका सूचनेचं मूळ आणि तुमचा अनुवाद शेजारी-शेजारी. पतसंस्थेसाठी अहवालाची दोन पानं. डॉक्टरांसाठी रुग्णाला द्यायचं, मोठ्या अक्षरातलं एक पानी माहितीपत्रक. आधी असं काम केलेलं नसेल तर स्वतः काल्पनिक संस्थेसाठी तयार करा आणि वर 'नमुना' असं स्पष्ट लिहा. दुसऱ्याच्या अहवालाची पानं त्यांना न विचारता फिरवू नका. नाशिक एवढं मोठं झालेलं नाही, तिसऱ्या दिवशी फोन येतो.

टप्पा ६ : विचारणा, जुन्यांना आधी

ज्यांनी एकदा पैसे दिले आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. गेल्या तीन वर्षांत वेळेवर पेमेंट केलेल्या सगळ्यांची नावं काढा, दहा-बारा निघतील. प्रत्येकाला वेगळा मेसेज. 'काम आहे का?' असं विचारू नका, काम दाखवा : 'ताई, तुमच्या क्लिनिकच्या माहितीपत्रकात जुना पत्ता आणि जुनी वेळ आहे. नव्याने छापणार असाल तर मजकूर दुरुस्त करून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.'

मग ओळखीतून. प्रेसवाले (छापखानेवाले) आणि संगणकावर पान लावणारे डीटीपीवाले यांच्याकडे 'मजकूर लिहून कोण देईल?' असं रोज कुणीतरी विचारतं. दोन प्रेसमध्ये जाऊन बसा, चहा प्या, तुमचा दर आणि तुम्ही काय करत नाही ते सांगून या. मला वर्षभरातली चांगली कामं वेबसाइटवरून कमी आणि अशा एका प्रेसच्या काउंटरवरून जास्त मिळाली आहेत. अनोळखी कंपन्यांना मेल करायचा तर शेवटी करा, आठवड्याला पाच, आणि सातव्या दिवशी एक फोन. दुसरा फोन नको.

टप्पा ७ : दर कमी करा म्हणाले तर काम कमी करा

'साहेब, बजेटच नाही.' हे वाक्य येणारच, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. तेव्हा दर न उतरवता कामाचा आकार उतरवा. आठ पानांच्या माहितीपत्रकाला १२,००० सांगितले आणि त्यांच्याकडे ७,००० असतील, तर सात हजारांत आठ पानं देऊ नका. चार पानं द्या, किंवा मजकूर तुम्ही द्या आणि टायपिंग-प्रूफ त्यांच्या प्रेसने करावं, किंवा दोनऐवजी एकच दुरुस्ती. एकदा उतरवलेला दर वर चढायला दोन वर्षं घेतो, कमी केलेली पानं पुढच्याच वर्षी परत येतात.

खरंच सवलत द्यावीशी वाटली तर बिलावर मूळ दर लिहून खाली 'सवलत' अशी वेगळी ओळ दाखवा. पूर्ण पैसे आगाऊ देणाऱ्याला १० टक्के सूट द्यायला माझी हरकत नसते. वसुलीचे फोन वाचतात.

टप्पा ८ : सुरू करण्याआधी लेखी

वकिली कराराची गरज नाही. एक मेल पुरे, आणि समोरून 'मान्य' असं उत्तर. त्यात शब्दसंख्या किंवा पानं, तारीख, रक्कम, आगाऊ किती (नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे), दुरुस्तीच्या फेऱ्या किती, पेमेंट किती दिवसांत आणि काम मध्येच रद्द झालं तर काय, एवढं हवं.

आणखी एक ओळ हक्कांची. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, सर्वसाधारणपणे लेखकाकडे राहतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. लेखी देताना मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. माहितीपत्रकाचे हक्क कवटाळून बसण्यात अर्थ नाही, ते देऊन टाका. पण 'पूर्ण पेमेंट मिळाल्यावर हक्क हस्तांतरित' असे शब्द घाला. पैसे न देता मजकूर छापणाऱ्याशी बोलताना हेच वाक्य कामाला येतं.

सावधान : 'आधी एक फुकट नमुना लिहून दाखवा' म्हणणाऱ्याला १०० शब्द दाखवा, पूर्ण पान नाही. पाच लेखकांकडून एकेक पान घेऊन अख्खं माहितीपत्रक फुकटात जमवणारे लोक मंदीत वाढतात.

टप्पा ९ : प्रेसला देताना

लेखकाचं काम वर्ड फाइल पाठवली की संपतं, असं मानणाऱ्यांचे पैसे इथे कापले जातात. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता. अनेक प्रेसमध्ये अजून श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पान लागतं आणि मजकूर कन्व्हर्टरमधून जातो. त्यात ठरावीक गोष्टी मोडतात. 'शेतकऱ्यांनी'चं 'शेतकर्यांनी' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. म्हणून प्रेसकडून पीडीएफ मागवा आणि ती छापून, कागदावर वाचा. मी आधी फक्त 'ऱ्य' शोधत एक फेरी मारतो, मग आकड्यांची वेगळी फेरी, मग मजकूर. तिन्ही एकदम वाचायला गेलं की आकडे सुटतात.

हे मी महागात शिकलो. शहरातल्या एका पतसंस्थेचा अहवाल होता. शेवटच्या प्रूफला व्यवस्थापक फोनवर म्हणाले, 'ठीक आहे, छापा.' मनोगतात ठेवींच्या आकड्यापुढे 'कोटी'च्या जागी 'लाख' राहिलं होतं. ते मी लिहिलं, प्रेसने लावलं की त्यांनीच तसं पाठवलं, हे ठरवायला कुणाकडे काही नव्हतं. चिकटपट्ट्या छापून प्रत्येक प्रतीवर लावाव्या लागल्या आणि माझं बिल निम्म्यावर आलं. तेव्हापासून शेवटच्या प्रूफच्या प्रत्येक पानावर सही, नाहीतर मेलवर 'पान १ ते २४ मंजूर', आल्याशिवाय मी प्रेसला फोन करत नाही. साहेब कितीही घाईत असले तरी.

बिल मंजुरीच्या दिवशीच पाठवा. छापून झाल्यावर नाही, सभा झाल्यावर तर नाहीच.

टप्पा १० : दर महिन्याच्या ५ तारखेला वही

अर्धा तास लागतो. गेल्या महिन्यात किती बिलं केली, किती जमा झाले, किती थकले, पुढच्या तीस दिवसांत कोणतं नक्की काम आहे. जमा रकमेची टप्पा १मधल्या आकड्याशी तुलना करा. बिलांची बेरीज करून खूश होऊ नका.

जमा सलग तीन महिने त्या आकड्याच्या निम्म्याखाली राहिली आणि पुढच्या महिन्याचं पानही कोरं असेल, तर अर्धवेळ नोकरी घ्या. आणखी तीन महिने ओढून, सोनं गहाण ठेवून मग घेऊ नका. प्रेसमध्ये प्रूफ वाचणं, क्लासमध्ये मराठी शिकवणं, एखाद्या दवाखान्याचा पत्रव्यवहार सांभाळणं, यांतलं काहीही चालेल. घेताना दोन गोष्टी बोलून घ्या. सकाळी अकराच्या आत बोलावणार नाहीत, आणि बाहेरची लेखनाची कामं करायला हरकत नाही, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून मिळेल. जूनमध्ये रुजू होत असाल तर ऑगस्टमधल्या चार सुट्ट्या त्याच दिवशी मागून ठेवा. अहवालांचा हंगाम तेव्हाच असतो.